काकूंची राइड

"शैलजाकाकूंना राइड कोण देणार?" इथे अमेरिकेत, पार्सिपनीत आमच्या मराठी ग्रुपचं काहीही ठरलं की पहिला प्रश्न हाच. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तीनदा फेल झाल्यावर काकूंनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. बावीस वर्षं ग्रोसरी, डेंटिस्ट, देऊळ, सगळीकडे कुणी नेईल तेव्हाच जायचं. काका वारल्यापासून बहुतेक वेळा मीच न्यायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "बिचाऱ्या काकू!"

या शनिवारी त्यांना न्यायला गेले, तर डायनिंग टेबलवर युरोपचा नकाशा पसरलेला. ॲमस्टरडॅमपासून रोमपर्यंत पेन्सिलची रेघ. तीन आठवडे, नऊ रेल्वेगाड्या. म्युनिकला गाडी बदलायला अकरा मिनिटं आणि ती चुकली तर पुढची कुठली, हेही बारीक अक्षरात लिहिलेलं. खुर्चीवर नवी कोरी सॅक, आत तांदळाची दहा पौंडांची पिशवी.

"रोज ती पाठीवर घेऊन जिना चढते-उतरते. सवय नको का?" काकू म्हणाल्या.

"कुणाबरोबर चाललाय?"

"एकटी."

"काकू, इथे तुम्ही दूध आणायलाही एकट्या जात नाही!"

"इथे आपल्या रस्त्याला फूटपाथ तरी आहे का गं? तिथे स्टेशनवर उतरायचं आणि चालायला लागायचं."

मी नकाशाकडे बघत राहिले. पंधरा वर्षं ड्राइव्ह करतेय, पण एकटी अशी कुठे गेले होते मी?

"आश्लेषा, एक काम होतं," काकू जरा संकोचून म्हणाल्या. "एअरपोर्टपर्यंत राइड देशील? पुढचं माझं मी बघते."