जाड पाणी

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आक्काताई विट्यास इमामचाचांच्या दुकानी आपली पितळेची बोरमाळ सोन्याच्या पाण्यासाठी आणीत. खरी बोरमाळ लेकीच्या आजारपणात मोडली होती. पती जालिंदरराव मदुराईस सोने गाळण्याचे दुकान चालवीत आणि दिवाळीपुरतेच घरी येत. त्यांना हे आक्काताईंनी कधी कळू दिले नव्हते.

"सोनं गाळणारा माणूस हाय, चाचा. एक मणी काळा दिसला तरी वळखंल," आक्काताई बाकावर टेकत म्हणाल्या. "पर मागल्या खेपंचं पाणी वरीसभर टिकलं. आदी चार म्हयन्यांत उडायचं. काय येगळं केलंसा?"

"हात बसला आता."

"सात वर्सांनी व्हय?" त्या थकलेल्या चेहऱ्याने हसल्या आणि बाजाराची पिशवी उचलून गेल्या.

चाचांनी खणातील पुडी उघडली. शुद्ध सोन्याचा तो तुकडा दोन दिवाळ्यांपूर्वी जालिंदररावांनीच त्यांच्या हाती ठेवला होता.

"हितनं फुडं ह्यातलंच पाणी चढवा, चाचा. जाड चढवा. तिला बोलू नका. लपवून लपवून लय दमलीया ती."