कॉलरचं टोक

"खोट काढा, मालनबाई. कसलीही काढा."

सुपरवायझर जमदाडे सरांनी निळा शर्ट तिच्या मशीनवर टाकला. तो परदेशातल्या दुसऱ्या कारखान्यात शिवलेला होता. तिथे मजुरी कमी, म्हणून कंपनी सगळी ऑर्डर तिकडे हलवायला निघाली होती. शिलाईत एक जरी खोट निघाली, तर ऑर्डर इथेच राहील, एवढं मोठ्या साहेबांनी कबूल केलं होतं.

मालन बावीस वर्षं कॉलरच्या मशीनवर बसत होती. बाकीच्या बाया शिवलेली कॉलर उलटवताना कात्रीनं टोचून तिचं टोक बाहेर काढायच्या आणि कापड फाटायचं. मालन आत दोरा घालून टोक ओढायची. दोरा निसटू नये म्हणून कोपऱ्यात एक आडवा टाका घ्यायची. ही अक्कल तिची स्वतःची होती.

तिनं शिवण ताणली, बाह्या उलटल्या, काजं नखानं ओढून पाहिली. आजूबाजूच्या मशिनी थांबल्या होत्या. शेवटी तिनं कॉलरचे चार टाके उसवून आत पाहिलं.

कोपऱ्यात आडवा टाका होता.

गेल्या दिवाळीआधी मोठ्या साहेबांनी तिच्या हातांचं शूटिंग केलं होतं. 'नव्या मुलींना शिकवायला,' म्हणाले होते. त्या दिवशी ती हौसेनं नवा चुडा भरून आली होती.

"सापडली?"

साऱ्या बाया तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मालननं त्या टोकावरून अंगठा फिरवला.

"नाही, सर," ती म्हणाली. "तिकडच्या पोरीचा हात छान बसलाय."