फर्डीची तक्रार

"फर्डी म्हणतो, गेल्या शुक्रवारचा रस्सा गोडमिट्ट होता," खेसीनानं घरून आणलेलं रिकामं पातेलं काउंटरवर ठेवलं. "म्हणतो, लाऊनं साखरेचं पोतं उपडं केलं की काय त्यात?"

वाय-लिंगनं ओले हात पुसले. स्वयंपाकघराच्या छोट्या खिडकीची फळी वीतभर सरकवून तिनं आत तोंड घातलं, आपल्या भाषेत काहीतरी ओरडली, क्षणभर थांबली आणि वळली.

"बाबा म्हणतात, फर्डीकाकांना म्हणावं, आधी जीभ डॉक्टरला दाखवा."

खेसीना खुदकन हसली. अख्ख्या आठवड्यात ती आत्ता पहिल्यांदा हसत होती.

तिचा नवरा फर्डी वसंतातच वारला होता. या हॉटेलात मात्र तिनं ते सांगितलं नव्हतं.

तीस वर्षं चाललेलं भांडण होतं ते. फर्डी जावातल्या सेमारांगचा, लहानपणी आईबापांबरोबर हॉलंडला आलेला. लाऊ चीनचा. कूफोर्डनसारख्या आडगावात चिनी माणसानं जावाचं जेवण म्हणून डच लोकांना काहीबाही खाऊ घालायचं, हा फर्डीच्या मते दिवसाढवळ्या दरोडा होता. दर शुक्रवारी गावातल्या सगळ्यांसारखा तोही पातेलं घेऊन जायचा आणि खिडकीत डोकं घालून भांडायचा.

"अरे, ही लाल चटणी आमच्याकडं कुणी ओळखणारसुद्धा नाही!"

"मी तरी कुठं ओळखतो?" लाऊ आतून ओरडायचा. "पण या गावाला हीच खरी वाटते. तूही तीस वर्षं हेच चापतोयस की!"

जेवायच्या चिनी काड्यांवरूनही जुंपायची. फर्डीला चमचा आणि काटाच लागे. "काड्यांनी जेवायला मी काय तुझा भाऊ आहे?" असं तो लाऊला सुनवायचा. हॉटेलला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा दोघांचा फोटो काउंटरमागं लावलेला असे. गळ्यात गळे आणि दोघांची तोंडं उघडी, कारण फोटो काढतानाही त्यांचं भांडण चालूच होतं. हल्ली तिथं भिंतीवर नुसता फिकट चौकोन दिसे. भिंतीला रंग द्यायचाय, असं वाय-लिंग म्हणाली होती.

वसंतात लाऊ आणि वाय-लिंग चीनला आपल्या गावी गेले, हॉटेल महिनाभर बंद राहिलं आणि नेमका त्याच महिन्यात फर्डी गेला. हॉटेल उघडल्यावर खेसीना सांगायलाच म्हणून आली होती. पण वाय-लिंगनं सवयीनं विचारलं, "काय काकू, आज काय तक्रार?" आणि खेसीनाच्या तोंडून निघून गेलं, "फर्डी म्हणतो, महिनाभर उपाशी मारलंत." झालं, तिथून पुढं दर शुक्रवारी ती एक नवी तक्रार रचून आणू लागली.

लाऊ आता खिडकीत येत नसे. गुडघे धरलेत, भट्टीपाशी खुर्ची टाकून बसतात, म्हणे. निरोप मात्र पहिल्यासारखेच खणखणीत यायचे. बंदच्या काळात दारात साठलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यातलं एखादं काढून वाय-लिंग भरलेलं पातेलं त्यात गुंडाळून देई, वाटेत निवायला नको म्हणून. तिच्या मनगटांवर भाजल्याचे डाग असत. पातेलं छातीशी धरून खेसीना घरी यायची, दोन ताटं मांडायची आणि एकटीच जेवायची. घर नुसतं खायला उठायचं.

त्या शुक्रवारी वाय-लिंगनं पातेल्याबरोबर एक छोटा डबा दिला.

"बाबांनी फर्डीकाकांसाठी वेगळं केलंय. याचे पैसे नकोत."

खेसीनानं घरी डबा उघडला. सोयामध्ये मुरलेलं मांस, जायफळ, लवंग. पहिला घास घेतला आणि तिनं चमचा खाली ठेवला. सासूच्या हातची चव! जिच्यासाठी फर्डी जन्मभर झुरला, तीच. जायफळ कुठंय, साखर कशाला, लवंगेचा पत्ता नाही... त्या म्हाताऱ्या लाऊनं तीस वर्षांच्या शिव्या एकेक करून लक्षात ठेवल्या होत्या. आणि आपण काय करतोय? त्याला दर आठवड्याला फसवतोय. तिला रडू कोसळलं.

पुढच्या शुक्रवारी ती पातेलं न घेताच गेली. एकदा सांगितलं की भांडण संपणार, शुक्रवार संपणार, फर्डी पुन्हा एकदा मरणार, हे तिला कळत होतं. वाटेत दोनदा ती माघारीही वळली होती.

"काकू, पातेलं?"

"आज नको. तुझ्या वडिलांशी बोलायचंय. समोरासमोर."

वाय-लिंगचा चेहरा उतरला. "मला सांगा ना. मी सांगते त्यांना."

"नाही गं पोरी. हे निरोपानं सांगण्यासारखं नाही. मी फार वाईट वागलेय त्यांच्याशी."

"छे हो, काकू! अजिबात नाही."

"तुला काय माहीत?"

वाय-लिंगची नजर त्या बंद महिन्यातल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याकडं गेली. खेसीना जागची हलेना. शेवटी वाय-लिंगनं काउंटरची फळी उचलली आणि स्वतः बाजूला सरली.

"जा," ती हळूच म्हणाली. "आणि चव कशी झाली होती, तेही तुम्हीच सांगा."

खेसीनानं दार ढकललं. भट्टीवर कढई चरचरत होती. तिथं ना खुर्ची होती, ना माणूस.

वरच्या फळीवर, मसाल्याच्या बरण्यांच्या मधोमध, हॉटेलला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा तो फोटो उभा होता. दोघांची तोंडं अजून उघडीच. पुढं उदबत्ती जळत होती आणि वाफाळत्या मांसाच्या दोन वाट्या मांडल्या होत्या. एकीपाशी काड्या, दुसरीपाशी चमचा आणि काटा.