पस्तीस नॅनोसेकंद

वणव्याचा इशारा देणाऱ्या भोंग्याच्या डिव्हाइस ट्री फाइलीत इमोजेनने एकच आकडा बदलला. कुठल्या लाइनवर कोणती मेमरी चिप बसवलीय आणि तिच्या उत्तरासाठी किती थांबायचं, हे प्रोसेसरला त्या फाइलीतून कळतं. तिच्या वयस्कर सहकाऱ्याने, गॉर्डनने, नव्वद नॅनोसेकंद ठेवले होते, तिने पंचावन्न केले. भोंग्याची पेटी चार सेकंद लवकर सुरू होऊ लागली.

"चिप तापली की मंदावते," गॉर्डन म्हणाला. "थोडी सवड ठेव तिला."

"मंदावलायस तू, गॉर्डन."

मेलबर्नच्या एसी लॅबमध्ये तिने पेटी हजारदा चालवून पाहिली, एकदाही अडली नाही. पहिला भोंगा तिने हौसेने बाबांच्या गावच्या टेकडीवर बसवला.

जानेवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, पारा सेहेचाळिसावर गेला. मीटिंगमधून येऊन तिने स्क्रीन पाहिली. टेकडीवरची पेटी सुरू होत होती, अडत होती, पुन्हा सुरू होत होती. भोंगा वाजलाच नव्हता. बाबांचा फोन लागेना. त्यांचा दुपारचा व्हॉइस मेसेज तेवढा येऊन पडला होता.



"धूर दिसतोय गं, शेजारचे निघालेसुद्धा. मी म्हटलं, माझ्या पोरीचा भोंगा वाजल्याशिवाय मी हलायचा नाही."