तिसऱ्या मजल्यावरचं लोणचं

फरहंगच्या तेहरानमधल्या फ्लॅटला ना अंगण होतं, ना बाहेर नळ. त्यामुळे घरच्या वाईनचं पिंप तो न्हाणीघरात, शॉवरखाली धुवायचा. यंदा तळाशी बसलेला थर खरवडला, तसा आंबूस वास जिन्यापर्यंत पोचला. तेवढ्यात दार वाजलं.

"तवक्कोलीसाहेब आहेत," दाराच्या भिंगातून पाहून त्याची बायको माहरुख कुजबुजली. इमारतीची व्यवस्था तेच बघत. इराणात दारूला बंदी; त्यांनी तक्रार केली की पोलीस दारात.

"आता काय करायचं?" फरहंगनं शॉवर बंद केला.

"तू नुसता बघत बस!" म्हणत तिनं व्हिनेगरची अख्खी बाटली पिंपात उपडी केली आणि मग दार उघडलं.

तवक्कोली थेट न्हाणीघराच्या दारापर्यंत आले. "खाली आमच्या नळाला थेंब नाही. एवढं धुताय तरी काय?"

"लोणच्याचं पिंप, साहेब," फरहंग म्हणाला. त्याच्या पायजम्यातून पाणी ठिबकत होतं.

तवक्कोलींनी वाकून पिंपात नाक घातलं. बराच वेळ ते तसेच वाकून होते.

"व्हिनेगर कुणी ओतलं?"

"मी," माहरुख म्हणाली. "लोणच्याला लागतंच की."

तवक्कोलींनी मागे वळून घराचं दार नीट लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"कढत पाण्यानं आधी ते सगळं काढा, सूनबाई. गेल्या वर्षी आमच्या हिनंही हाच शहाणपणा केला. माझं अख्खं लोणचं आंबट झालं!"