नाव बदललं होतं

"पोरीचं नाव नव्हतं ना घेतलं तुम्ही?" रेशमीच्या आईनं विचारलं.

"नाही हो. गावाचंसुद्धा बदललं होतं," शाल्मली म्हणाली.

परदेशातल्या विद्यापीठासाठी ती शाळांचा अभ्यास करत होती. बदलत्या जगात आपल्या शाळा सगळ्यांना सामावून घेतात का, हा तिचा विषय. गुरुजी आपल्याला दाराशी एकटीला बसवतात, पाण्याच्या माठाला शिवू देत नाहीत, हे रेशमीनं तिला विश्वासानं सांगितलं होतं. परिषदेत ते ऐकून सभागृह हळहळलं. भाषणाचा व्हिडिओ मोबाइलवरून फिरत फिरत याच गावात पोचला.

"शाळेत पारध्याची पोर एकच हाय, ताई. वळखायला नाव कशाला लागतं? गावानं पालं उठवायला सांगितलीत."

"मी तहसीलदारांना भेटते."

"आता नगा काई बोलू. तुम्ही जाल. आमाला हितंच आसपास जगायचंय."

रेशमीचा बाप पालाच्या काठ्या बांधत होता. रेशमी शाल्मलीजवळ आली.

"ताई, नव्या शाळेत तुमच्यासारखं कुणी इचारलं, तिथले गुरुजी कसे हायेत, तर काय सांगू?"

खरं सांग म्हणायला शाल्मलीची जीभ रेटेना. खोटं सांग, असंही म्हणवेना.