जया सुधारली

“एका घरचं एकच मूल, कांताबाई. कितीदा सांगायचं?”

“बाई, दोघं भाऊ एकाच चटईवर बसतीन. एकाचीच सुकडी दोघं वाटून खातीन.”

“आणि उद्या सगळी वस्ती दोनदोन पोरं घेऊन येईल! खोली एवढीशी, मी एकटी. नियम म्हणजे नियम. चोरून आणलंत तर दोघांचंही नाव काढून टाकीन.”

बालवाडीच्या यमुताई बोलल्या म्हणजे बोलल्या. कांताबाईनं तोंड वाकडं केलं. जाता जाता तिनं भिंतीशी उभ्या असलेल्या सुभद्राकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि तशीच निघून गेली.

त्र्याहत्तर सालचा एप्रिल होता. बालवाडीचं वर्ष त्या दिवशी संपलं. बाकीच्या आया पोरं घेऊन घरी गेल्या होत्या. सुभद्राला मात्र यमुताईंनी थांबवून घेतलं होतं. पहिलीसाठी कोणाकोणाची नावं पाठवायची, ते बाईंच्याच हातात होतं. बाहेर पडवीत पोरगी खाऊची सुकडी खात बसली होती.

“घाबरू नको गं. चांगलंच सांगायचंय,” यमुताई म्हणाल्या. “पण खरं सांगू? दिवाळीपर्यंत तुझ्या जयानं मला वेड लावायचं बाकी ठेवलं होतं. एक दिवस अशी बडबड, की कान किटायचे. मोराचं गाणं म्हणत सगळ्या खोलीभर नाचायची. आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर खांबाला चिकटून उभी! जया, जया म्हणून माझा घसा बसायचा, पण ओ देईल तर शपथ. मला वाटलं, कानात दोष आहे.”

“कान चांगले हायेत, बाई.”

“आणि हात? आज खडू उजव्या हातात, उद्या डाव्या. असं मूल मी बापजन्मात पाहिलं नव्हतं. मेडिकलच्या दवाखान्यात नेऊन दाखव म्हणून सांगितलं होतं ना तुला?”

“सांगतलं होतं.”

सुभद्राच्या डोळ्यांपुढून सगळं वर्ष सरकून गेलं. निळा फ्रॉक एकच होता. संध्याकाळी धुवायचा, सकाळी ओलसरच अंगात घालायचा. एक दिवस पोरगी फ्रॉक हिसकून घ्यायची आणि आईच्या पुढे पळत सुटायची. दुसऱ्या दिवशी पोरगी दाराची चौकट धरून भोकाड पसरायची. तिला उचलून आणता आणता सुभद्राचे हात भरून यायचे. नवरा, बळीराम, रोज कुरकुर करायचा.

“काहून आटापिटा करून राहिली वं? राहू दे ना घरी.”

“शिकली नाही तं माह्यासारखी लोकाइची भांडी घासा लागतीन तिले,” सुभद्रा म्हणायची.

बायको हट्टाला पेटली की नवऱ्याचं कोण ऐकतं? बळीराम बिडी घेऊन बाहेर जाऊन बसायचा.

“पण संक्रांतीला गोवरातून उठून आली, आणि तेव्हापासून बघ, सुतासारखी सरळ!” यमुताईंचा चेहरा फुलला होता. “रोज एकसारखी. डाव्या हाताला मी रुमाल बांधून ठेवायची, आता मुकाट उजव्यानं गिरवते. हाक मारली की ओ देते. आणि सुकडी? आधी अर्धी फ्रॉकच्या ओच्यात बांधून घरी न्यायची. आता सगळी इथंच खाते. म्हणजे भूकसुद्धा सुधारली!”

सुभद्रानं पदर तोंडात कोंबला. तिला आनंदानं भरून आलं, असं यमुताईंना वाटलं. त्यांचेही डोळे पाणावले. पोर सुधारलं की बाईंना आपलीच पाठ थोपटून घ्यावीशी वाटायची, आणि त्यात त्यांनी कधी कंजुषी केली नाही.

“रडतेस काय, वेडे? पहिलीसाठी सगळ्यात वर तुझ्या जयाचंच नाव दिलंय.”

“लई उपकार झाले, बाई.” सुभद्रा घाईनं वळली. “जातो मंग आम्ही.”

“थांब, बक्षीस राहिलं ना! जया, इकडे ये बघू.”

पोरीनं आधी आईकडे पाहिलं. मग फ्रॉकला हात पुसत आत आली. यमुताईंनी पिशवीतून लाल रिबनची जोडी काढली. खास सीताबर्डीच्या बाजारातून आणली होती.

“सगळं वर्ष एकाच वेणीवर आणि एकाच रिबनीवर काढलंस, सुभद्रा. जोडीतली दुसरी कुठं जायची कोण जाणे. आता दोन वेण्या घाल पोरीला.” त्यांनी रिबन पोरीच्या हातात ठेवल्या. “पण फुकट नाही हं! मोराचं गाणं म्हणायचं. गोवरानंतर एकदासुद्धा म्हटलं नाहीस.”

पोरगी आईच्या पदराआड सरकली.

“राहू द्या ना, बाई,” सुभद्रा म्हणाली. “ऊन चढून राहिलं.”

“तू गप गं. तूच लाडावून ठेवलीस. म्हण, जया. विसरलीस का?”

पोरीनं रिबनची जोडी सोडवली. एक आपल्या मुठीत धरली. दुसरी आईपुढे केली. मग मान वर करून तिनं यमुताईंकडे पाहिलं.

“मले नाही येत, बाई. ते जयाले येत होतं.”

यमुताई खळखळून हसल्या. “अगं बाई! मग तू कोण?”

“मी गोपी. जयाले तं बाबानं नदीकाठी पुरलं.”